श्री. बीएमआयसाहेब, बारदान वजा केलंत का?

श्री. रा. रा. बॉडी मास इंडेक्स, ऊर्फ बीएमआयसाहेब, यांचे सेवेसी,

भोकरदन, जि. जालना येथील एका अंगणवाडी सेविकेचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेल्या चौदा महिन्यांत आपण आमच्या घरावर जी मेहेरबानी केलीत, तिचे आभार मानायचे राहून गेले. आपली भेट सोमवारच्या ओपीडीत दोन मिनिटांची. तेवढ्यात आपण आकडा सांगता, डॉक्टर तो फायलीत लिहितात आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं जातं. इतक्या थोड्या वेळात इतका मोठा निकाल देणाऱ्या थोर व्यक्तीला लिहिताना काही कमी-जास्त झालं तर पोटात घालावं.

हकीकत अशी. माझ्या मालकांच्या दोन्ही किडन्या साखरेने आणि बीपीने गेल्या. माझी एक किडनी त्यांना द्यायची ठरली. रक्तगट जुळला, क्रॉस मॅच ठीक आली, माझी सोनोग्राफी, सीटी, हृदयाचा इको, सगळं झालं. लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, शपथपत्रं, लग्नातले पिवळे पडलेले फोटो, कॅमेऱ्यासमोर दिलेला जबाब, तेही झालं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या नावाने मागितलेला एकेक कागद आम्ही नेऊन दिला. सासूबाईंनी हो म्हटलं. माझ्या माहेरच्यांनी रडत रडत का होईना, हो म्हटलं. नाही म्हणणारे एकटे आपण. "बीएमआय तीसच्या खाली आणा, मग ऑपरेशनची तारीख देऊ." शहरातल्या ज्या रुग्णालयात हे वाक्य ऐकलं त्याचं नाव मी लिहीत नाही. हे वाक्य त्या एकाच इमारतीत बोललं जातं असं थोडंच आहे!

तर पहिले आभार आपल्या सोपेपणाबद्दल. किलोमधलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं, झाले आपण तयार. मालकांची उंची 167 सेंटीमीटर. त्या पहिल्या सोमवारी वजन 91.5 किलो. आपण म्हणालात, 32.8. त्या माणसाची बावीस वर्षांची मेहनत, त्याचा आजार, त्याची भूक, त्याच्या पायावरची सूज, सगळं एका दशांश चिन्हात बसवलंत. आम्हाला सोळा पानांची फाईल लागली होती.

आपण आणि माझे मालक एकाच व्यवसायातले, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल. ते मापाडी. आमच्या तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार आपण पाहिला नसणार. हंगामात तिथे हिरव्या मिरचीच्या गोण्यांच्या थप्प्या लागतात आणि रात्री उशिरापर्यंत काटा चालू असतो. बावीस वर्षं मालकांनी तिथे, आणि सोयाबीन-मक्याच्या दिवसांत आडतीवर, काटा केला. गोणी स्वतः उचलायची, काट्यावर ठेवायची, स्वतःच उतरवायची. खांदे आणि पाठ अशी भरलेली होती की दुकानातला तयार शर्ट त्यांना कधी बसला नाही, लग्नातलासुद्धा शिवून घ्यावा लागला.

त्या बाजारात पहिला नियम बारदान वजा. गोणीचं वजन मालात धरायचं नाही. दुसरा नियम ओलीचा. सोयाबीन आलं की मीटर लावून ओल बघतात, बारा टक्क्यांच्या वर गेली की भाव तुटतो. कापसालाही तेच, आठ ते बारा टक्के ओल चालते, पुढे नाही. शेतकरी भांडतो, व्यापारी भांडतो, पण पाण्याला माल म्हणायचं नाही, याबद्दल दोघांचं एकमत असतं. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. आणि कुणी मापात खोट केली, तर आमच्याकडे त्याला काटामारी म्हणतात.

आपल्या दरबारात ही कटकट नाही, याबद्दल दुसरे आभार. आपल्या काट्यावर ओला माणूस आणि कोरडा माणूस सारखाच.

मालकांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी. आठवड्यातून तीनदा व्हायला हवं, आम्हाला दोनदा जमतं. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच राहतं. मशीनवर चार तास घेतात आणि पाणी काढतात. आपली ओपीडी सोमवारी, म्हणजे शुक्रवारनंतर तीन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं असताना. तुम्ही 32.8 म्हणालात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मालक मशीनवरून उतरले तेव्हा काटा 88.5 दाखवत होता. घरी येऊन मी भागाकार केला, 31.7 आले. चार तासांत आपण एका अंकाने खाली आलात आणि मालकांच्या अंगावरची चरबी मात्र तसूभरही हलली नव्हती! डायलिसिसच्या कागदावर हे पाणी काढल्यानंतरचं वजन वेगळं लिहिलेलं असतं, त्याला ते लोक ड्राय वेट म्हणतात. फायलीत मात्र सोमवारचा आकडा गेला. मी दबकत विचारलं, "मॅडम, ड्राय वेट धरता येणार नाही का?" उत्तर आलं, "आमच्याकडे ओपीडीचं वजन धरतात."

मालक परतीच्या गाडीत गप्प होते. राजूर आलं, गणपतीच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाले, "मी उभ्या जन्मात गोणीवाल्याचं बारदान कधी मालात धरलं नाही गं."

आता माझ्या व्यवसायाचंही सांगते. अंगणवाडीत दर महिन्याला मी लेकरांची वजनं घेते. पण नुसत्या वजनावर कोणतं लेकरू सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, आणि कोणतं मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, हे ठरवत नाही. आम्ही उंची मोजतो. दंडाला पट्टी लावतो, दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की धोक्याची घंटा. आणि दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरतो. खड्डा पडून राहिला, तर त्या लेकराच्या अंगावर सूज आहे आणि काट्यावरचं वजन खोटं बोलतंय, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. दहावी-बारावी शिकलेल्या बाया आम्ही, पत्र्याच्या खोलीत हे करतो. मालकांच्या पायावर अंगठा दाबला तर खड्डा दोन मिनिटं भरत नव्हता. चौदा महिन्यांत तिथे कुणी अंगठा दाबून मग वजन लिहिलं नाही. आपल्या कामाचा वेग पाहता ते शक्यही नसावं.

आपण आम्हाला जेवायला काय घालायचं तेही सुचवलंत, त्याचं ऋण वेगळं. वजन उतरवायचा एक छापील कागद मिळाला. सकाळी नारळपाणी. मधल्या वेळी मोसंबी किंवा पपई. जेवणात टोमॅटो-काकडीची भरपूर कोशिंबीर, मोड आलेली मटकी, आणि दिवसभर भरपूर पाणी. आमच्या घरात दुसरा कागद आधीपासून भिंतीवर होता, किडनीच्या डॉक्टरांचा. नारळपाणी बंद. मोसंबी बंद. केळी बंद. टोमॅटो जवळजवळ बंद. भाजी चिरून पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं. चोवीस तासांत पाणी एक लिटरच्या आत, त्यात चहा आणि आमटीही आली. कारण या पदार्थांतलं पोटॅशियम किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि ते रक्तात वाढलं की हृदय बंद पडतं. पहिला कागद मनापासून पाळला असता तर वजनाचा प्रश्न कायमचा मिटला असता.

मोसंबीसाठी जालना जिल्हा ओळखला जातो. आमच्या भाच्याच्या बागेतून पेटी आली होती. मी ती शेजारी वाटून टाकली, मालक दारात बसून बघत होते.

दोन कागद शेजारी शेजारी लावून मी लाल पेनाने खाडाखोड केली. दोन्हीत चालतं असं जे उरलं ते एका ताटलीच्या अर्ध्या भागात मावलं. मग मीही तेच खाऊ लागले. समोर बसून पोळी-भाजी खाणं जमेना.

चालायलाही सांगितलंत. "रोज पाऊण तास भरभर." हिमोग्लोबिन साडेसातच्या आसपास असलेल्या माणसाने भरभर चालायचं. तरी आम्ही निघालो. संध्याकाळी केळणेच्या काठाने, जुन्या लेण्यांच्या बाजूला. आमच्या गावाचं प्राचीन नाव भोगवर्धन, सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत ते आहे म्हणतात, इथल्या उत्खननात हस्तिदंती बाई सापडली ती इटलीतल्या पाँपेईच्या बाईसारखी. बाहेरची माणसं येतात तेव्हा मी अभिमानाने हे सांगते. त्या नावातला भोग सुखाचा असणार. आमच्या घरी तो शब्द हल्ली दुसऱ्याच अर्थाने निघतो. दोनशे पावलांवर मालक थांबायचे, गुडघ्यावर हात टेकायचे. मी त्यांना आपलं नाव घेऊन धीर द्यायचे, अजून थोडं, तीसच्या खाली जायचंय.

दुसरे रस्तेही आहेत, असं कळलं. पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया आहे. आठवड्याला एक टोचायचं असं इंजेक्शनही आहे. मौंजारो नावाचं औषध मार्च 2025 मध्ये भारतात आलं तेव्हा त्याच्या सर्वांत कमी ताकदीच्या एका बाटलीची किंमत 3,500 रुपये होती, महिन्याला चार. म्हणजे जवळजवळ माझं महिन्याचं मानधन. किडनी प्रत्यारोपणासाठी महात्मा फुले योजनेची मर्यादा सरकारने 2023 मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली, त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. पण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचायची जी अट, ती पुरी करायला आमच्या हाती आला तो वर सांगितलेला छापील कागद. उंबरठा उंच केलात, पायरी बांधायची राहिली.

माझी थोरली लेक नर्सिंगला आहे. तिला म्हटलं, या साहेबांचं घराणं तरी कोणतं, बघ जरा. तिने शोधून वाचून दाखवलं. आपले जन्मदाते अडोल्फ केतले, बेल्जियमचे. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्राचे पंडित, डॉक्टर नव्हेत. वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यांनी 1832 च्या सुमारास मांडलं. त्यांना 'सरासरी माणूस' शोधायचा होता. समोर बसलेल्या एका आजारी माणसाचा निवाडा करायला त्यांनी आपल्याला जन्म दिलाच नव्हता. आपलं बारसं झालं 1972 मध्ये, अमेरिकेतल्या अँसेल कीज यांच्या हातून. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं तपासली होती. त्यांत एक बाई नव्हती, एक भारतीय नव्हता. सगळे धडधाकट. डायलिसिसवरचा माणूस तर नव्हताच नव्हता.

एवढ्या दुरून येऊन आपण भोकरदनच्या मापाड्याची दखल घेतलीत, हा आमचा केवढा सन्मान!

आणि पुण्याची गोष्ट आपल्याला आठवत असेलच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघे मित्र. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांनी स्वतःचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. दोघांनाही आपण एकच आकडा दिला होता, 22.3. अगदी सख्खे भाऊ म्हणावेत असे. मग अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! आपल्याला तो फरक दिसलाच नाही. तिकडे हडकुळा दिसणारा आमच्याकडचा माणूस आत चरबी बाळगून मधुमेहाकडे चालत असतो, त्याला आपण 'नॉर्मल' म्हणून पुढे पाठवता. इकडे गोण्या उचलून हाडापेराने मजबूत झालेल्या माणसाला लठ्ठ म्हणून अडवता. आपण एकाच वेळी दोघांवर अन्याय करता, तोही कुणाबद्दल मनात काही न ठेवता. असा निःपक्षपातीपणा दुर्मिळ.

डॉक्टरांवर माझा राग नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. ज्याच्या पोटावर जाड चरबी आहे त्याचं ऑपरेशन अवघड जातं. जखम खोल असते, पिकते, कधी उसवते, हर्निया होतो, नवी किडनी काम सुरू करायला वेळ घेते. नंतरच्या स्टेरॉइडने वजन आणि साखर आणखी वाढते. हे सर्जननी मला कागदावर चित्र काढून समजावलं आणि मला पटलं. माझी किडनी आहे ती, वाया जावी असं मला का वाटेल? वजन कमी करणं चुकीचं आहे, असं मी एकदाही म्हटलेलं नाही. सर्जनना जी चरबी भीती घालते ती पोटावरची. आपण मोजता तो अख्खा माणूस, त्यात हाडं आली, मांस आलं, साठलेलं पाणी आलं. त्या भीतीच्या जागी आपण स्वतःला नेऊन बसवलंत, माझी तक्रार तेवढीच.

आणि आपल्याच प्रांतातली शहाणी माणसं काय म्हणतात? किडनीच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी केडिगो नावाची संस्था आहे. तिने 2020 मध्ये लिहून ठेवलं की केवळ लठ्ठपणाच्या कारणाने रुग्णाला प्रत्यारोपणातून वगळू नये, त्याला वजन कमी करायला मदत द्यावी, आणि सर्जनने त्याची शरीरयष्टी स्वतः तपासावी. अमेरिकेत 2013 मध्ये दोन लाखांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात लठ्ठ माणसंही डायलिसिसवर राहण्यापेक्षा प्रत्यारोपणानंतर जास्त जगतात असं दिसलं. जानेवारी 2025 मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने तर सांगितलं की एकट्या आपल्या शब्दावर कुणाला लठ्ठपणाचा रोगी ठरवू नका, कंबर मोजा, चरबी मोजा. आपल्याविषयी लोक इतकं लिहितात आणि आपण मात्र सोमवारच्या ओपीडीत पूर्वीसारखेच हजर, किती ही निष्ठा.

त्या ओपीडीच्या बाकड्यावर शेजारी लिव्हरचे एक पेशंट बसायचे. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र पाण्याने भरलेलं, नऊ महिन्यांच्या बाईसारखं. वजन 84. दर दहा-बारा दिवसांनी सुई घालून त्यांच्या पोटातलं पाणी काढायचे, आठ लिटर, नऊ लिटर. कोणत्या दिवशी काट्यावर उभे राहिले त्यावर ते लठ्ठ की सडपातळ, हे ठरायचं. पुढे ते दिसले नाहीत.

त्याच बाकड्यावर किडनी द्यायला आलेल्यांत बहुतेक बायाच असायच्या. आई, बायको, बहीण. 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 अवयव प्रत्यारोपणं झाली, त्यांतली 6,945 बायकांसाठी, बाकी सगळी पुरुषांसाठी. देणाऱ्या रांगेतून आम्हालाही आपण काट्यावर चढवता. माझा आकडा आपण 27 सांगितलात आणि मला पास केलंत. मी त्याचा पेढा वाटला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तिथे येते.

आपलं ऐकलं आम्ही. अकराव्या महिन्यात मालकांना जेवण नकोसं झालं. भाकरीचा घास तोंडात फिरायचा. मला वाटलं, पथ्य अंगी लागलं. काटा खाली येत होता, 87, 86, 85. मी आनंदाने वहीत लिहीत होते. मग तो 85 वर थांबला आणि तिथून हलेना. पथ्य आणखी कडक केलं. अंगणवाडीतली सवय म्हणून एका रात्री शिवणाच्या टेपने त्यांचा दंड मोजला. आजारापूर्वी शर्ट शिवताना शिंप्याने 33 लिहिलं होतं. आता 26.

आकडा तोच होता आणि आतला माणूस बदलला होता. मांस गेलं होतं, त्याच्या जागी पाणी बसलं होतं. डायलिसिसच्या कागदावरचं ड्राय वेट जुनंच, त्यामुळे मशीन तेवढ्यावर थांबायचं आणि पाणी आत राहायचं. रविवारी रात्री दोन वाजता मालक ताडकन उठून बसले. झोपता येईना, बोलता येईना, छातीतून घरघर. गाडी मिळेपर्यंत मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले होते. रुग्णालयात तातडीने मशीनवर घेतलं आणि साडेतीन लिटर पाणी काढलं.

डायलिसिसवर असताना वजन घटणं ही बऱ्याचदा चांगली खूण नसते, अंगाने भरलेले रुग्ण उलट जास्त काळ तग धरतात, हे या विषयातल्या डॉक्टरांना कित्येक वर्षं ठाऊक आहे. मला ते त्या रात्रीनंतर एका कनिष्ठ डॉक्टरांनी वॉर्डबाहेर सांगितलं. मग मला कळलं की आम्ही वर्षभर चरबी उतरवत नव्हतो, माणूस उतरवत होतो.

पंधरा दिवसांनी पुन्हा सोमवार. वजन 82.9. भागाकार 29.7. बीएमआयसाहेब, तुम्ही आम्हाला पास केलंत! फायलीत हिरव्या पेनाने टिक झाली. त्याच दिवशी मालकांना खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी दांडी धरावी लागली. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन 2.8, म्हणजे कमी आलं. सर्जननी त्यांच्या दंडाला हात लावला, बराच वेळ धरून ठेवला, आणि म्हणाले, "या शरीरावर मी ऑपरेशन करू शकत नाही. आधी अंगात ताकद येऊ द्या." चौदा महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदा त्यांच्या अंगाला हात लावून मत बनवलं होतं, आणि ते मत बरोबर होतं. मधल्या काळात माझा इको, त्यांचा इको, क्रॉस मॅच, सगळं जुनं झालं. ते पुन्हा करायचं आहे. पुन्हा पैसे भरायचे आहेत.

तुम्ही 32.8 होतात तेव्हा तो माणूस ऑपरेशन सोसू शकला असता, असं मी म्हणणार नाही. ते ठरवणं माझं काम नाही. पण ते कुणी ठरवलंच नाही. तुम्ही होतात म्हणून कुणाला ठरवायची गरज वाटली नाही. माझी खरी तक्रार ही आहे, आणि ती आभाराच्या कागदात गुंडाळून माझे हात थकले.

तेव्हा हात जोडून विनंती, तुमच्यामार्फत तुमच्या यजमानांना. वजन घ्या, पण डायलिसिसनंतरचं घ्या. कंबर मोजा, दंड मोजा, मुठीची ताकद बघा. जिथे चिरा द्यायचा त्या पोटावर सर्जनचा हात आधी फिरू द्या. किती उतरवायचं, किती दिवसांत, आणि उतरलं नाही तर पुढे काय, हे लिहून द्या. वजनाचा कागद आणि किडनीचा कागद एकाच माणसाच्या हातून निघू द्या, म्हणजे भोकरदनच्या बाईला लाल पेन घेऊन बसावं लागणार नाही. "वजन कमी करून या" असं सांगून ज्याला घरी पाठवलं, त्याला दोन महिन्यांनी एक फोन करा.

आणि हे पत्र वाचणाऱ्यांत ज्यांच्या घरी कुणी मशीनवर आहे, त्यांना सांगते. फायलीत आकडा लिहिला जाईल तेव्हा तोंड उघडून विचारा, हे वजन पाण्यासकट आहे की पाणी सोडून? मी एकदा विचारलं आणि गप्प बसले. तुम्ही गप्प बसू नका.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
भोकरदनची एक अंगणवाडी सेविका,
मापाड्याची बायको

ता. क. आज शुक्रवार. मशीनवरून उतरल्यावरचं वजन 81.6 किलो. दोन्ही पायांवर सूज नाही, अंगठा दाबून पाहिला. दंडघेर 27, गेल्या महिन्यापेक्षा एक सेंटीमीटर जास्त. आमच्या वहीत बारदान वजा करून लिहिलं आहे.